लॅन्सचा पत्रा आणि माझे बेडूक

आमचा लॅन्स माझ्याशी सहा वर्षं बोलत नव्हता, पण त्याने सकाळी काय खाल्लं इथपासून त्याचा कुठला गुडघा दुखतोय इथपर्यंत सगळी बित्तंबातमी मला दर गुरुवारी मिळायची. ती पुरवायची त्याची बायको आयरीन. गुरुवारी आम्ही दोघी एकाच बसने बाजाराला जातो. भांडण भावाबहिणीचं आहे, त्यापायी मी माझी मैत्रीण का घालवू, असं आयरीनचं म्हणणं. आमच्या घराण्यात अक्कल बाहेरूनच आली आहे.

भांडण कशावरून, तर लीकवरून. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो. लीक म्हणजे कांद्याचा उंच, गोरा भाऊ. सूपमध्ये घालायची साधी भाजी. पण आमच्या इंग्लंडातल्या डरहॅमकडच्या कोळसाखाणींच्या गावांत ती खाण्यापेक्षा मिरवण्यासाठी जास्त लावतात. सप्टेंबरात गावच्या क्लबात प्रदर्शन भरतं. प्रत्येकाने तीन लीक मांडायचे. तिन्ही मनगटापेक्षा जाड, पांढरेशुभ्र आणि एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं इतके सारखे. खाणी बंद पडल्या, चर्चमध्ये आता माणसांपेक्षा खुर्च्या जास्त, पण लीकचं प्रदर्शन एकदाही चुकलेलं नाही.

आमचे बाबा, मॅटी हेपल, यातलं बडं प्रस्थ. त्यांच्या लीकचं वाण त्यांचं स्वतःचं होतं. दरवर्षी सगळ्यांत उत्तम रोप फुलायला ठेवायचं आणि त्याच्या बोंडातून पुढच्या वर्षीची रोपं काढायची, असं त्यांनी आयुष्यभर केलं. आणि आमच्याकडची रीत अशी, की असं वाण बापाकडून मुलाकडे जातं. मुलीचं नाव कुणाच्या डोक्यातही येत नाही. बाबा गेल्यावर गावाबाहेरची त्यांची भाड्याची बाग कौन्सिलने, म्हणजे आमच्या नगरपालिकेने, आम्हा दोघांत अर्धी अर्धी केली. मी लॅन्सकडे गेले आणि म्हटलं, "चार रोपं दे की मलाही."

"बायका लीक लावत नाहीत, थेल्मा," तो म्हणाला. "तू वाटाणे लाव."

मी वाटाणे लावले. त्या सप्टेंबरात लॅन्सचा पहिला नंबर आला. सगळा क्लब त्याच्याशी हात मिळवायला रांगेत उभा होता. माझी पाळी आली तेव्हा मी लॅन्सला ओलांडून टेबलापाशी गेले, त्या तीन लीकांपुढे उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "अभिनंदन, बाबा!"

क्लब इतका हसला की बिअर सांडली. लॅन्सचे कान लाल झाले. पुढच्या आठवड्यात आमच्या दोन बागांमध्ये पत्रा उभा राहिला.

पत्र्याचं कारण त्याने वेगळं दिलं. प्रदर्शनाच्या आधी जळकी माणसं दुसऱ्याचे लीक चाकूने कापून जातात, हे आमच्याकडे घडतं, खोटं नाही. पण म्हणून डोक्याहून उंच नालीदार पत्रा, चारी बाजूंनी, खाली हातभर जमिनीत गाडलेला, आणि दाराला दोन कुलपं? "आमच्या बँकेला एवढं नाही गं," आयरीन म्हणायची. ते असो. एवढ्यावर थांबला असता तर मी त्याला कायमचा माफ केला असता. पण त्याने बाबांचं डबकंही बुजवलं.

ते डबकं म्हणजे खाणीतली कोळशाची एक जुनी लोखंडी ढकलगाडी, चाकं काढून जमिनीत पुरलेली. पावसाने भरायची. दर मार्चमध्ये त्यात बेडूक यायचे, अंडी घालायचे आणि मग उन्हाळाभर बाबांच्या लीकांमधून गोगलगायी टिपत फिरायचे. "हे माझे बिनपगारी माळी," बाबा म्हणायचे. लॅन्सच्या हिशेबात ती वाया गेलेली जागा होती. त्याने गाडी मातीने भरली आणि तिच्यावर दुसरं काचघर बांधलं.

बेडकांना वाटणीचं कुणी कळवलं नव्हतं. बेडूक ज्या पाण्यात जन्मतो तिकडेच परत येतो. पुढच्या मार्चमध्ये पहिला उबदार पाऊस पडला आणि ते आले, माझ्या वाटाण्यांच्या वाफ्यातून, आणि पत्र्यापाशी येऊन थांबले. ओळीने बसून राहिले, पत्र्याकडे तोंड करून. पलीकडे पाणी होतं हे त्यांना ठाऊक होतं. शेवटी त्यांनी पायवाटेवरच्या साचलेल्या पाण्यात अंडी घातली आणि ती आठवड्याभरात सुकली. मी त्या दिवशी घरी जाऊन क्लाइव्हवर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर, विनाकारण ओरडले. दर वर्षी ते थोडे कमी होऊन यायचे, दर वर्षी पत्र्यापाशी बसायचे, आणि दर वर्षी क्लाइव्ह बोलणी खायचा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही न्हाणीघर नवं केलं. जुना टब सत्तरच्या दशकातला होता, शेवाळी हिरवा. त्या काळी तो रंग फॅशनचा होता, आता त्याची लाज वाटते. क्लाइव्ह म्हणाला, "भंगारवाला सोमवारी येतोय." मी म्हटलं, "टब कुठेही जाणार नाही. तो बागेत जाणार आहे."

"त्यात अंघोळ कोण करणार?"

"बेडूक."

क्लाइव्हने जरा विचार केला. "रंग आवडेल त्यांना," तो म्हणाला आणि फावडं शोधायला गेला. क्लाइव्ह कमी बोलतो, पण वाया घालवत नाही.

जानेवारीभर आम्ही खणलं. पत्र्यापासून चार पावलांवर टब पुरला. टबाच्या कडा गुळगुळीत आणि उभ्या, आत पडलेला बेडूक बाहेर कसा येणार? म्हणून आत विटांच्या पायऱ्या रचल्या, वर एक खडबडीत फळी तिरकी टाकली. नळाचं पाणी त्यांना मानवत नाही, म्हणून पाऊस पडेपर्यंत टब रिकामा ठेवला. सुदैवाने आमच्याकडे पावसाची वाट फार पाहावी लागत नाही. कडेला गवत वाढू दिलं, जुने ओंडके रचले, पाण्यात थोड्या पाणवनस्पती सोडल्या. शेजारच्या बागांतले पुरुष येऊन बघून जायचे. कुणी म्हणायचं, "थेल्मा, साबण राहिला!" कुणी म्हणायचं, "दुसऱ्या तळ्यातली अंडी आणून टाक ना, झटपट काम." मी आणली नाहीत. एका तळ्याचा रोग दुसऱ्यात जातो हे एक, आणि दुसरं म्हणजे पाहुणा आपल्या पायांनी यावा. उचलून आणलेल्याला पाहुणा म्हणत नाहीत.

मार्चमध्ये ते आले. दुपारची रिमझिम होती, हवा अचानक मऊ झाली होती, आणि वाटाण्यांच्या वाफ्यातून पहिला बेडूक निघाला. मोठा, मातकट, पोक काढून चालणारा. सरळ पत्र्याकडे. मी श्वास रोखून उभी. तो पत्र्यापाशी गेला, बसला. मग वळला. तोंड टबाकडे करून बराच वेळ बसला. मग दोन उड्या, आणि डुबुक. मी इतकी जोरात ओरडले की क्लाइव्ह चहाचा थर्मास टाकून धावत आला. त्याला वाटलं मीच टबात पडले.

दहा दिवसांत टबात बेडकांची जत्रा भरली. रात्रंदिवस नुसता घुरघुराट, लांबून मोटरसायकल चालू व्हावी तसा. अंड्यांचे लिबलिबीत ढीग पाण्यावर तरंगायला लागले. मी रोज सकाळी स्टूल घेऊन जायचे आणि बसायचे. मला वाटायचं, बाबांना हे दिसायला हवं होतं. मला रडू यायचं आणि हसूही यायचं, आणि बेडूक आपल्या कामात असायचे.

मग एका गुरुवारी आयरीन बसमध्ये शेजारी बसली ती मोठा सुस्कारा टाकून.

"गोगलगायी," ती म्हणाली.

झालं होतं असं. गोगलगायी मारायचे ते निळे विषारी दाणे दुकानांतून गेले, सरकारने बंद केले. आणि लॅन्सच्या काचघरात बिनशंखाच्या, काळ्या, बोटाएवढ्या गोगलगायी माजल्या. का नाही माजणार? काचघर बुजवलेल्या डबक्यावर, जमीन कायम ओली. आणि त्यांना खाणारा एकही जीव त्या पत्र्याच्या आत शिरू शकत नव्हता. लॅन्सने चोराला बाहेर ठेवायला किल्ला बांधला आणि चोर आत राहून गेले. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, ते हे.

"काय काय केलं नाही त्याने," आयरीन म्हणाली. "बशीत बिअर ठेवली. ती त्या पितात, झिंगतात आणि मग रोपं खातात. अंड्यांची टरफलं टाकली. माझी अंडी संपली. आता कुंडीशेजारी खुर्ची टाकून बसतो. काल बसल्या बसल्या झोपला आणि समोरचं रोप गेलं."

"खाऊ देत," मी म्हणाले. "चांगलं झालं."

आयरीनने माझ्याकडे बघितलं. "थेल्मा, बाबांच्या वाणाची नऊच रोपं राहिलीत. या हिवाळ्यात साठवणीतली बोंडं कुजली. ही नऊ गेली की संपलं."

बस पुढे चालली होती. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला लॅन्सचा राग होता, वाणाचा नव्हता. ते वाण मला एकदाही लावायला मिळालं नव्हतं, पण लहानपणी त्या रोपांना पाणी मीच घातलं होतं, बाबांच्या मागे झारी घेऊन. ते आता संपणार होतं. बाजारात काय आणायला गेले होते तेही विसरले.

एप्रिलमध्ये एकदा सकाळी मी टबाशी बसले होते. भुरभुर पाऊस होता. पत्र्याच्या पलीकडून शिडी टेकल्याचा आवाज आला, मग कण्हण्याचा. मग पत्र्याच्या वरून एक बांबू सरकत सरकत बाहेर आला. बांबूच्या टोकाला जाळी होती, समुद्रावर पोरं खेकडे पकडायला नेतात तसली. लाल रंगाची. ती जाळी हळूहळू खाली आली आणि आंधळ्यासारखी चाचपडत माझ्या टबाकडे निघाली. पत्र्यावरून फक्त दोन हात दिसत होते. डोकं त्याने खाली ठेवलं होतं. मांजर डोळे मिटून दूध पितं तसला प्रकार.

मी थोडा वेळ बघत राहिले. मग शेजारी उपटून ठेवलेला एक किडका सलगम उचलला आणि जाळीत ठेवला.

जाळी थबकली. वजन जाणवलं असणार. हात आनंदाने भराभर आत गेले. पलीकडून लॅन्सचा आवाज आला, "सलगम?"

"बेडूक सलगमासारखाच दिसतो का रे तुला?" मी म्हणाले. "चष्मा बदल."

शिडी करकरली. सहा वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांशी बोललो होतो आणि विषय सलगम होता.

"मी फक्त बघत होतो," लॅन्स म्हणाला.

"जाळीने?"

मग तो म्हणाला, "ते बाबांचे बेडूक आहेत. माझाही हक्क आहे त्यांच्यावर."

"बाबांचे होते तेव्हा तू त्यांचं घर बुजवलंस. आता ते माझे भाडेकरू आहेत."

"थेल्मा." आवाज बदलला होता. "दोन दे. दोनच. उन्हाळ्यानंतर परत करतो."

"कप-बशी आहे का ती, परत करायला? अरे, उचलून टाकलेला बेडूक तिथे टिकत नाही. त्याला पाणी हवं, जायला वाट हवी, यायला वाट हवी. तुझ्या त्या डब्यात तो पत्र्याला धडका देत राहील आणि उन्हात वाळून मरेल. मी पाच वर्षं बघितलंय त्यांना पत्र्यापाशी बसलेलं. तू नाही बघितलंस."

"मग मी करू काय?"

"भोक पाड."

"कशाला?"

"पत्र्याला, लॅन्स. खाली, जमिनीलगत. ते आपले आपण येतील आणि जातील."

पलीकडून असा आवाज आला, जणू मी त्याला दात काढून द्यायला सांगितला होता. "पत्र्याला भोक? प्रदर्शनाच्या वर्षी? कुणी हात घातला आत तर?"

"कोण घालणार? माझ्या बाजूने फक्त मी आहे."

उत्तर म्हणून शिडी काढल्याचा आवाज आला. मी उरलेले सलगम उचलून घरी गेले आणि क्लाइव्हला म्हटलं, "त्याला वाटतं मी त्याचे लीक कापीन." क्लाइव्हने चहा ओतला. "तू कापशील?" "जिभेने कापीन, चाकूने कधी नाही." "मग ते त्याला सांग." "मी का सांगू?" क्लाइव्हने माझ्यापुढे कप ठेवला आणि बिस्किटांचा डबा उघडला. हेपल लोकांशी लग्न केल्याला आता त्याला चाळीस वर्षं झाली आहेत.

पुढच्या गुरुवारी आयरीन बसमध्ये चढली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "पाच."

मी त्या रात्री नीट झोपले नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. चावलं तर बोंब कुणाकडे मारायची? सकाळी उठले, भाकरीएवढा, आमच्याकडचा चपटा स्टॉटी पाव कापला, त्यात हॅम आणि वाटाण्याचं पिठलं भरलं, आणि बागेत गेले. ठरवलं होतं की पत्र्याशी जायचं आणि सांगायचं, लॅन्स, मी तुझ्या रोपांना हात लावणार नाही, बाबांची शपथ. सहा वर्षं मी कधी हार मानली नव्हती. टबापर्यंत जाईस्तोवर ते वाक्य चार वेळा गिळलं.

शेवटी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पत्र्याच्या खालच्या अंगाला ठणठण सुरू झाली.

आधी एक छिद्र पडलं. मग त्यातून पत्रा कापायच्या कात्रीचं टोक आलं. कर्र, कर्र. मध्येच शिवी. पुन्हा कर्र. कात्री वर गेली, वळली, खाली आली. मग पत्र्याचा तुकडा आत ओढला गेला आणि जमिनीलगत एक दार तयार झालं, डबलरोटी उभी जाईल एवढं. त्यातून मला लॅन्सचा गुडघा दिसला, दुखरा. मग तो वाकला आणि त्याचं तोंड दिसलं. केस बरेच गेले होते. आयरीनने हे सांगितलं नव्हतं.

"बघत काय बसलीस?" तो म्हणाला. "बोलाव त्यांना."

"ते कुत्रे नाहीत. गप्प बस आणि बाजूला हो."

आम्ही दोघं गप्प बसलो, तो त्याच्या बाजूला ओल्या मातीत, मी माझ्या बाजूला स्टुलावर. बराच वेळ काही झालं नाही. मग तो पोक काढलेला मोठा बेडूक ओंडक्याखालून निघाला. पत्र्याकडे आला, सवयीप्रमाणे. भोकापुढे थांबला. आणि मग काहीच विशेष नाही अशा थाटात पलीकडे चालता झाला. लॅन्सच्या बुटावरून गेला. लॅन्स हलला नाही.

"तोच का गं?" त्याने हळूच विचारलं. "बाबा होते तेव्हाचा?"

"त्याचा नातू असेल. चाल तीच आहे."

दुसरा गेला, तिसरा गेला. ते काचघराकडे निघाले, तिथे जेवण वाढलेलं होतंच. लॅन्स त्यांच्या मागे गेला. मी पाव कागदातून काढला आणि खायला घेतला, कारण शपथ घ्यायचा प्रसंग टळला होता आणि मला भूक लागली होती. अर्धा पाव संपेपर्यंत तो परत आला. भोकातून त्याचा हात बाहेर आला, आणि हातात कुंडी होती. त्याने ती माझ्या बाजूला ठेवली, हात आत गेला, दुसरी कुंडी आली. मग तिसरी. प्रत्येकीत एक एक लीकचं रोप, करंगळीएवढं, पानांच्या कडा थोड्या खाल्लेल्या.

"बेडकांचं भाडं," तो म्हणाला.

मी कुंड्यांकडे बघितलं. पुन्हा बघितलं. तोंडात पाव होता, तो आधी गिळला.

"लॅन्स, तुझ्याकडे किती राहिली?"

"दोन."

"प्रदर्शनाला तीन लागतात."

"मला लीक शिकवू नकोस."

"अरे पण तुझा नंबर..."

"थेल्मा," तो पत्र्याआडून म्हणाला, "ते दोन्हीकडे असलेले बरे. एकीकडे काही झालं तर दुसरीकडे राहतील. मी डबकं बुजवायला नको होतं." मग थोडं थांबून, "तुझ्याकडे टिकतील. तुझ्याकडे सगळं टिकतं."

मी डोळे पुसले. मग म्हणाले, "बायका लीक लावत नाहीत म्हणे."

"खोल लाव," तो म्हणाला. "आणि ऊन बघून लाव. तुझ्याकडे सकाळचं ऊन कुठपर्यंत येतं?"

"येऊन बघ."

"फिरून यायचं म्हणजे मोठ्या फाटकातून, चढ चढून... गुडघा बघ माझा."

मी उरलेला अर्धा पाव भोकातून आत सरकवला. त्याने तो घेतला.

"मग भोक मोठं कर," मी म्हणाले.

पलीकडे तो चावत होता. हॅम जास्त खारट आहे, असं काहीतरी पुटपुटला. मग कात्री उचलल्याचा आवाज आला, आणि पत्रा पुन्हा करकरायला लागला.